उडीआधीचं वाकणं

मिरजेला मावशीकडे कॉम्प्युटर आला ते साल १९९६. माजघराच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राशेजारी त्याला जागा मिळाली होती आणि मावशीने त्याच्यावर स्वतः विणलेलं क्रोशाचं आच्छादन घातलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी जेवणं उरकून मोठी माणसं लवंडली की माझा मावसभाऊ, आमचा दादा, ते आच्छादन घडी करून बाजूला ठेवायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायचा आणि म्हणायचा, "आता बघ हं."

मग अलादीन धावत यायचा.

दादा खेळायचा आणि मी बघायचे. मला जिंकण्याहरण्याचं फारसं काही नव्हतंच. बाजारातल्या उंटाच्या मदारीवर उडी मारली की तो पचकन थुंकायचा. पहिल्याच टप्प्यात तापलेल्या निखाऱ्यांचा एक पट्टा होता. अलादीनला धरायला निघालेला शिपाई त्यावरून यायला लागला की त्याचे पाय भाजायचे, आणि मग तो एका पायावर, दुसऱ्या पायावर असा थयथयाट करत पुढे यायचा. मी दादाला म्हणायचे, "मारू नकोस ना त्याला, अजून एकदा नाचू दे." दादा वैतागायचा, पण थांबायचा.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर डकटेल्स आणि टेलस्पिन बघणारी आमची पिढी. चित्रं हलतात हे आम्हाला नवीन नव्हतं. पण कुणीतरी सांगेल तसं, सांगेल तेव्हा चित्र हलतं, आणि तरीही ते कळसूत्री बाहुलीसारखं वाटत नाही, जिवंत वाटतं, हे मी पहिल्यांदा त्या माजघरात पाहिलं. पुढे मी चित्रकलेच्या वाटेला गेले त्यात त्या शिपायाचा वाटा मोठा आहे.

उपयोजित कलेचं शिक्षण संपल्यावर मी पुण्यात एका ॲनिमेशन स्टुडिओत इन-बिट्वीनर म्हणून लागले. परदेशी मालिकांचं काम यायचं. महत्त्वाच्या मुद्रा, म्हणजे की-ड्रॉइंग्ज, तिकडून यायच्या आणि त्यांच्या मधली चित्रं आम्ही भरायचो. लाइट बॉक्सवर पेग बारमध्ये कागद अडकवायचा, खालची दोन चित्रं उजेडात दिसायची, त्यांच्या मधोमध तिसरं काढायचं. चार-पाच कागद बोटांच्या बेचक्यांत धरून फडफडवत हालचाल तपासायची. आमचे सर, वयाने पन्नाशीपुढचे, माझं पहिल्या आठवड्यातलं काम फडफडवून बघत म्हणाले, "हे पात्र उडी मारत नाहीये. याला कुणीतरी वरून दोऱ्याने ओढतंय. आधी वाकव, मग उडव."

याला आमच्या धंद्यात अँटिसिपेशन म्हणतात. उडी मारण्याआधी गुडघे वाकतात, फेकण्याआधी हात मागे जातो, हाक मारण्याआधी छाती भरते. डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकात काम करता करता जी बारा तत्त्वं तयार झाली आणि आज जगभर शिकवली जातात, त्यातलं हे एक. वाकण्याचं चित्र पडद्यावर जेमतेम क्षणभर असतं. बघणाऱ्याला ते लक्षातही राहत नाही. ते नसलं तर मात्र लगेच जाणवतं.

अलादीनचा तो खेळ कसा झाला हे मला त्याच दिवसांत वाचायला मिळालं आणि मी अक्षरशः हरखून गेले. मूळ खेळ १९९३ साली सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी निघाला होता. आमच्या मावशीकडे होती ती त्याची कॉम्प्युटरवरची आवृत्ती. तो बनवला कॅलिफोर्नियातल्या व्हर्जिन गेम्समध्ये, डेव्हिड पेरी यांच्या तुकडीने. पण चित्रं काढली होती डिस्नेच्या ॲनिमेटरांनी, कागदावर, पेन्सिलीने, अगदी चित्रपटासाठी काढतात तशी. मग ती कॉम्प्युटरात घेऊन, चेपून, एवढ्याशा काडतुसात, म्हणजे त्या यंत्रात खोचायच्या डबीत, बसवण्याची एक पद्धत बसवली गेली. तिला त्यांनी डिजिसेल असं नाव दिलं. मेगा ड्राइव्हच्या पडद्यावर एका वेळी ६४ रंग दिसू शकायचे आणि एका पात्राच्या वाट्याला त्यातले पंधरा. ज्यांच्या रंगखात्यात शेकडो छटांच्या बाटल्या असत त्या लोकांनी पंधरा रंगांत तो शिपाई नाचवला होता. एकीकडे जपानमध्ये कॅपकॉमने सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या खेळयंत्रासाठी वेगळा अलादीन केला, त्याची आखणी शिंजी मिकामी यांनी केली. तोही चांगला खेळ आहे. पण ती पेन्सिल त्यात नाही.

आता यात एक पेच आहे आणि तो मला अजूनही फार मोलाचा वाटतो. चित्रपटातलं पात्र उडी मारण्याआधी सावकाश वाकू शकतं, कारण कधी उडायचं हे ॲनिमेटर ठरवतो. खेळात ते खेळणाऱ्याचा अंगठा ठरवतो. बटण दाबलं की त्याच क्षणी पाय सुटले पाहिजेत. वाकण्यात चार चित्रं घालवली तर खेळणारा खड्ड्यात पडतो आणि म्हणतो, बटण चालत नाही. म्हणजे सरांनी मला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं तेच नेमकं खेळात कापून टाकावं लागतं, आणि तरीही उडी खरी वाटावी लागते. मग ती जाण उडीच्या नंतर ठेवायची, कपड्यांच्या झोळात, खाली टेकताना दबणाऱ्या अंगात. ही एक वेगळीच विद्या आहे. चित्रपटवाल्यांना ती आपोआप येत नाही आणि प्रोग्रामरलाही येत नाही. दोघांना एका टेबलाशी काही वर्षं बसावं लागतं.

डिस्नेने ते टेबल किती वेळा मांडलं आणि किती वेळा मोडलं, हे मी गेली अनेक वर्षं एखाद्या नात्यातल्या घराची खबरबात ठेवावी तसं ठेवत आले आहे.

सुरुवातीला त्यांनी फक्त नाव भाड्याने दिलं. निन्टेन्डोने १९८१ साली मिकीचा हातात मावणारा खेळ काढला. १९८४ पासून सिएरा या अमेरिकन कंपनीने मिकी आणि विनी द पूचे खेळ केले. पुढे डकटेल्स कॅपकॉमने केला १९८९ साली, आणि मिकीचा कॅसल ऑफ इल्युजन सेगाने १९९० साली. दोन्ही उत्तम, दोन्ही जपानी हातांतले. दरम्यान १९८८ साली डिस्नेने वॉल्ट डिस्ने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर नावाने स्वतःची चूल मांडली. त्या चुलीवरचा मला सगळ्यात आवडणारा पदार्थ म्हणजे १९९२ सालचा स्टंट आयलंड. त्यात विमानाच्या कसरती करायच्या, बेटावर कॅमेरे लावायचे आणि मग चित्रण कापून-जोडून आपला सिनेमा बनवायचा. त्या काळच्या कॉम्प्युटरवर! हा खेळही बाहेरच्या एका तुकडीने घडवला होता. पण मुलांच्या हातात चित्रपटाची कात्री द्यावी, ही कल्पना चित्रपट बनवणाऱ्या घरालाच शोभणारी होती.

१९९४च्या डिसेंबरात डिस्ने इंटरॅक्टिव्ह हा विभाग उभा राहिला आणि त्याच महिन्यात त्याच्यावर पहिला घाव बसला. त्या नाताळसाठी लायन किंगच्या गोष्टीचं एक चित्रमय पुस्तक सीडीवर आलं होतं. ते मायक्रोसॉफ्टच्या विनजी नावाच्या नव्या चित्रप्रणालीवर चालायचं. त्या हंगामात अमेरिकेत कॉम्पॅक प्रेसारिओ कॉम्प्युटर घरोघरी गेले होते, आणि त्यातल्या चित्रांच्या ड्रायव्हरशी विनजीचं जमेना. नाताळच्या सकाळी मुलांनी भेटीचा कागद फाडला, सीडी घातली आणि कॉम्प्युटर कोलमडला. डिस्नेचे मदतीचे फोन दिवसरात्र वाजत राहिले. ड्रायव्हरच्या या असल्या गोंधळातून कायमचं सुटण्यासाठी मायक्रोसॉफ्टमधल्या ॲलेक्स सेंट जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे डायरेक्टएक्स उभं केलं. आज विंडोजवर चालणारे कितीतरी खेळ त्याच पायावर उभे आहेत. रडवेल्या मुलांच्या त्या एका सकाळीचा त्यात हातभार आहे.

लायन किंगचा दुसरा, उड्या मारण्याचा खेळ वेस्टवुड स्टुडिओजने लास व्हेगासमध्ये केला होता. तो दादाकडे होता. दुसऱ्याच टप्प्यावर आम्ही अडकायचो. गुलाबी माकडं छोट्या सिंबाला एकाकडून दुसऱ्याकडे फेकतात आणि कुणावर गुरगुरल्यावर कोण दिशा बदलतं याचं एक कोडं आहे. दोन मे महिने गेले, आम्ही त्या झाडांतून बाहेर पडलो नाही. आपल्यालाच येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

कितीतरी वर्षांनी वेस्टवुडचे सहसंस्थापक लुई कॅसल यांचं म्हणणं वाचलं. अमेरिकेत तेव्हा खेळ दुकानातून दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळत. मुलाने शनिवार-रविवारात खेळ संपवला तर तो विकत कोण घेणार? म्हणून सुरुवातीचा भाग मुद्दाम अवघड करायला डिस्नेकडून सांगणं आलं होतं. मी तो मजकूर दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण आवाज अगदी त्या माजघरातला. "म्हणजे आपण बरोबर खेळत होतो गं!" तो म्हणाला. मिरजेत त्या काळी खेळ भाड्याने देणारं एकही दुकान आम्हाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या दुकानांसाठी घातलेली ती अडसर आमच्या दोन सुट्ट्या खाऊन गेली.

ही गोष्ट मला निव्वळ गंमत म्हणून सांगावीशी वाटत नाही. चित्र काढणाऱ्याने सिंबाच्या आयाळीवर जीव टाकायचा आणि खेळ कुठे अडवायचा हे विक्रीचा हिशेब करणाऱ्याने ठरवायचं, ही रीत त्या घरात पहिल्यापासून होती.

दशकाच्या शेवटाकडे ती चूल पुन्हा मंदावली आणि नाव भाड्याने देण्याकडे कल झुकला. मग २००३ साली ब्यूना व्हिस्टा गेम्स, आणि २००७ साली त्याचंच डिस्ने इंटरॅक्टिव्ह स्टुडिओज. या वेळी हात सैल सोडून स्टुडिओ घेतले. २००५ साली सॉल्ट लेक सिटीतलं ॲव्हलांच विकत घेतलं आणि व्हँकूव्हरमध्ये प्रोपगँडा गेम्स सुरू केलं. २००६ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनचा शर्यतींचे खेळ करणारा स्टुडिओ घेतला, त्याचं नाव झालं ब्लॅक रॉक. २००७ साली टेक्ससमधल्या ऑस्टिनचा जंक्शन पॉइंट.

ब्लॅक रॉकने २०१० साली स्प्लिट/सेकंड नावाचा खेळ केला. धावत्या गाड्यांच्या वाटेत अख्ख्या इमारती, पूल, धरणं कोसळवायची. खेळ संपतो तेव्हा पडद्यावर अक्षरं येतात, क्रमशः. पुढच्या वर्षी स्टुडिओ बंद झाला. प्रोपगँडा त्याच्याही आधी, २०११च्या जानेवारीत मिटलं होतं. त्यांचा समुद्री चाच्यांवरचा मोठा खेळ अर्ध्यातच रद्द झाला होता. त्यावर वर्षानुवर्षं खपलेल्यांच्या कागदांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जंक्शन पॉइंटबद्दल मात्र मला सावकाश सांगायचं आहे.

मिकीच्या आधी ऑस्वल्ड होता. लांब कानांचा ससा, १९२७ साली वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी युनिव्हर्सलसाठी काढलेला. चांगला चालला. पण हक्क युनिव्हर्सलचे. १९२८ साली वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी वॉल्टचे बरेचसे ॲनिमेटर आपल्याकडे ओढले आणि ससाही गेला. हातात काही उरलं नाही म्हणून उंदीर काढला. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर जवळजवळ ८० वर्षांनी, २००६च्या फेब्रुवारीत, ऑस्वल्ड घरी परतला. डिस्नेच्या वाहिन्यांवरचे क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना एनबीसीकडे, म्हणजे युनिव्हर्सलच्याच समूहातल्या वाहिनीकडे, जायचं होतं. त्यांना करारातून मोकळं करताना डिस्नेने बदल्यात ज्या गोष्टी घेतल्या त्यात हा ससा होता. एका माणसाच्या बदल्यात एक चित्र! डिस्नेला ऑस्वल्ड हवा होता त्यामागे त्यांच्या खेळविभागात घोळत असलेली एक कल्पना होती, विसरल्या गेलेल्या पात्रांच्या देशात अडकलेल्या मिकीची. ती कल्पना जंक्शन पॉइंटचे संस्थापक वॉरन स्पेक्टर यांच्या हाती सोपवली गेली आणि २०१०च्या नोव्हेंबरात एपिक मिकी आला.

या खेळात मिकीच्या हाती एक ब्रश असतो. त्यातून दोन गोष्टी निघतात, रंग आणि थिनर. रंगाने पुसट झालेलं पुन्हा उभं राहतं, थिनरने असलेलं विरघळतं. भिंत विरघळवून वाट काढायची की मोडलेला पूल रंगवून ओलांडायचा, शत्रूला पुसायचं की रंगवून मित्र करायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि त्या विसरलेल्यांच्या देशाचा कारभारी कोण? ऑस्वल्ड. आपली जागा या धाकट्याने घेतली, सगळं जग याचं झालं, ही सल उरात ठेवून जगणारा थोरला भाऊ. सेलवर, म्हणजे चित्रांच्या पारदर्शक पत्र्यांवर, रंग भरणाऱ्यांच्या खोलीत थिनरचा वास कायम असायचा, असं आमचे सर सांगायचे. हा खेळ पहिल्यांदा खेळताना मला तो वास आल्यासारखं वाटलं. कॅमेरा नीट वळत नाही, काही ठिकाणी खेळ रेंगाळतो, हे सगळं खरं आहे. पण एका चित्रकंपनीने स्वतःच्या विस्मरणाबद्दल, आपण कुणाला मागे टाकून आलो याबद्दल खेळ करावा, आणि तोही रंग आणि थिनर घेऊन करावा, याहून त्या घराचा असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

दुसरा भाग २०१२च्या नोव्हेंबरात आला, त्याला पहिल्यासारखा प्रतिसाद मिळाला नाही. २०१३च्या जानेवारीत जंक्शन पॉइंट बंद झालं. एप्रिलमध्ये नुकताच ताब्यात आलेला लुकासआर्ट्स हा खेळांचा स्टुडिओही, १९८२ पासूनचा. त्या वर्षीपर्यंत मी ती बातमी ओळखायला शिकले होते. आधी कंपनीची दिशा बदलल्याचं वाक्य येतं, मग माणसांना त्यांच्या योगदानाबद्दल धन्यवाद.

ॲव्हलांच टिकलं होतं. टॉय स्टोरी ३च्या खेळात, २०१० साली, त्यांनी खेळण्यांचा एक मोकळा कप्पा ठेवला होता. त्यात मुलाने हवं ते करावं. त्यातूनच २०१३ साली डिस्ने इन्फिनिटी उगवला. चौथऱ्यावर खरी बाहुली ठेवायची की ती पडद्यावर उतरते. मग मुलाने आपलं गाव, आपले रस्ते, आपले नियम रचायचे. तीन वर्षांत तीन आवृत्त्या आल्या. पण बाहुल्या म्हणजे माल, आणि माल गोदामात पडून राहतो. १० मे २०१६ रोजी कंपनीने जाहीर केलं की आपण स्वतः खेळ बनवून विकणं थांबवत आहोत. १४ कोटी ७० लाख डॉलरचा फटका हिशेबात दाखवला गेला, जवळपास ३०० माणसांचं काम गेलं. फाइंडिंग डोरीच्या बाहुल्या तयार होत्या, त्या जूनमध्ये आल्या आणि तिथे सगळं संपलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतही आहे. विशाल गोंडल यांनी १९९९ साली सुरू केलेली इंडियागेम्स ही मोबाइलवरचे खेळ करणारी कंपनी आधी यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीबरोबर डिस्नेकडे गेली. बटणांच्या फोनवर आपल्यापैकी कितीतरी जणांनी खेळलेलं क्रिकेट तिथे बनलेलं होतं. इंचभर पडद्यावर फलंदाजाची बॅट किती चित्रांत फिरली पाहिजे, हे जाणणारी मुलं-मुली त्या कार्यालयात होती. २०१६ नंतर ती चूलही थंड झाली.

आमचा पुण्यातला स्टुडिओ त्याच्या कितीतरी आधी बंद पडला. परदेशातलं काम संगणकी त्रिमितीकडे वळलं, कागद येणं थांबलं. शेवटच्या दिवशी लाइट बॉक्स विकायला काढले होते. मी माझा घेतला. सरांनी पेग बार घेतला, फक्त तेवढाच, ती लहानशी पट्टी. कागदांचे गठ्ठे रद्दीत गेले. त्यात पंधरा माणसांचा हात होता. कोण रेघ जाड ठेवतं, कुणाला धावतं जनावर जमतं, कुणाची पात्रं थांबताना छान डुलतात. ते सगळं कुठे लिहून ठेवता येत नाही. माणसं शेजारी बसली तरच ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि ती उठली की जातं.

म्हणून ॲव्हलांचची पुढची गोष्ट मला फार दिलासा देते. २०१७च्या जानेवारीत वॉर्नर ब्रदर्सने तो स्टुडिओ विकत घेऊन पुन्हा उघडला. जुन्यातली बरीच माणसं परतली. सहा वर्षं त्यांना एका खेळावर काम करू दिलं. २०२३ साली हॉगवर्ट्स लेगसी आला आणि त्या एका वर्षात २ कोटींहून अधिक प्रती खपल्या. गाव तेच सॉल्ट लेक सिटी. या वेळी वाकायला वेळ मिळाला होता.

एपिक मिकी २०२४ साली नव्या रंगरूपात पुन्हा निघाला, व्हिएन्नातल्या एका स्टुडिओने केला. त्याच वर्षी डिस्नेने एपिक गेम्स या कंपनीत दीड अब्ज डॉलर गुंतवायचं ठरवलं. पुन्हा बाहेरच्या घरात पाहुणा.

गेल्या दिवाळीत दादाकडे गेले होते. त्याच्या लेकीने, मनवाने, अलादीन आणि लायन किंगचा जुना संच घेतलाय, २०१९ साली नव्या यंत्रांसाठी निघालेला. त्यात खेळ मागे फिरवता येतो, धागा रिळावर उलटा गुंडाळावा तसा. मी तिला बाजारात जायला सांगितलं, निखाऱ्यांपाशी. शिपाई आला. पाय भाजले, नाचायला लागला. मनवाने सफरचंद फेकायला हात उचलला तेवढ्यात दादा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला, "मारू नकोस त्याला, आत्याला बघू दे."

मी ते मागे घेतलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. बोटांवर चित्रं मोजत होते, एक पाय वर, मधलं, दुसरा पाय वर. मनवा पडद्याच्या अगदी जवळ सरकली होती.

"थांब थांब, आत्या," ती म्हणाली, "पाय टेकायच्या आधीच त्याचं तोंड वाकडं होतंय. बघ ना."